परवडणारा रोबो व्हॅक्यूम : केर निघतो, फरशीचं काय?

व्हॅक्यूम क्लीनर मराठी मध्यमवर्गीय घरात शिरला तो टाय बांधून दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याच्या हातातून. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने ‘युरोक्लीन’ घरोघरी नेला, दिवाणखान्यात चालवून दाखवला आणि विकला. त्यातल्या बऱ्याच यंत्रांचं पुढे काय झालं हे आपण जाणतोच. दिवाळीच्या आधी माळ्यावरून खाली, दिवाळी झाली की परत वर. रोजचा केर केरसुणीनेच निघत राहिला. आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नसतो, फरशी असते. झाडूने खोली पाच-दहा मिनिटांत होते आणि तो झाडू बऱ्याच घरांत घरमालकांच्या हातात नसतोच.

आता साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत जमिनीवर आपला आपण फिरणारा, केर ओढणारा आणि मागे ओलं फडकंही ओढत नेणारा रोबो मिळतो. ‘घ्यावा का?’ हा प्रश्न सोसायटीच्या लिफ्टमध्येही ऐकू येतो. उत्तरं मात्र दोन टोकांची येतात: कुणासाठी ते घरातलं सगळ्यात उपयोगी यंत्र, कुणासाठी महागडं खेळणं. दोघंही आपापल्या घरापुरतं खरंच सांगत असतात. म्हणून या वादातलं काय निकालात निघालंय आणि काय अजून लटकलंय, ते एकदा नीट मांडून पाहायला हवं.

इथवरचा प्रवास

घरगुती सफाई रोबोचा आरंभही इलेक्ट्रोलक्सपाशीच सापडतो. ‘ट्रायलोबाइट’ नावाच्या रोबोचा नमुना कंपनीने १९९६ मध्ये बीबीसीच्या ‘टुमॉरोज वर्ल्ड’ या कार्यक्रमात दाखवला. बाजारात तो २००१ मध्ये आला. अडथळे ओळखायला तो श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरी, पण किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची होती. ब्रिटनच्या डायसननेही त्याच सुमारास ‘डीसी०६’ जाहीर केला, पण तो विक्रीला कधी आलाच नाही.

वाट मोकळी केली ती अमेरिकेच्या आयरोबोटने. एमआयटीतल्या रॉडनी ब्रूक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर यांनी १९९० मध्ये काढलेली ही कंपनी. ब्रूक्स यांचं म्हणणं असं, की यंत्राने जगाचा संपूर्ण नकाशा डोक्यात बाळगायची गरज नाही. किड्यामुंग्यांना तो कुठे असतो? समोर आलं त्याला प्रतिसाद देत गेलं तरी काम होतं. २००२ मध्ये दोनशे डॉलरच्या आसपास विकायला आलेला ‘रूम्बा’ याच विचाराचं अपत्य होता. धडकायचा, वळायचा, गोल गोल फिरायचा, पुन्हा धडकायचा. बघणाऱ्याला तो वेडा वाटे, पण पुरेसा वेळ दिला तर बहुतेक जमीन त्याच्याखालून जायची.

२०१० मध्ये नीटो या कंपनीने रोबोच्या डोक्यावर फिरता लेझर बसवला. खोलीच्या भिंती मोजायच्या, नकाशा करायचा आणि मग शेतात नांगर चालवावा तशा समांतर रेघा मारत जायचं. २०१६ मध्ये शाओमीने रॉकरोबोकडून बनवून घेतलेला लेझरवाला रोबो चीनमध्ये १,६९९ युआनला आणला. ‘परवडणारा रोबो’ या शब्दांना खरा अर्थ तिथून आला. जे तंत्र आधी महागड्या यंत्रांत होतं, ते निम्म्या किमतीत मिळायला लागलं.

भारतात गुरुग्रामच्या मिलाग्रोसारख्या कंपन्या त्या दशकाच्या सुरुवातीपासून रोबो विकत होत्या, पण ग्राहक थोडे. चित्र बदललं ते २०२० च्या टाळेबंदीत. एप्रिल २०२० मध्ये शाओमीने आपला व्हॅक्यूम-मॉप आगाऊ नोंदणीच्या योजनेत १७,९९९ रुपयांना ठेवला. सोसायट्यांनी बाहेरच्या माणसांना फाटक बंद केलं होतं, कमरेत वाकून केर काढायची सवय मोडलेल्या मंडळींच्या हाती झाडू आला होता, आणि या यंत्राकडे लोकांनी पहिल्यांदा गांभीर्याने पाहिलं.

रस्ता शोधणं

रोबोची किंमत मुख्यतः ठरते ती त्याला घर किती कळतं यावर. दहा हजारांच्या आतबाहेरचे रोबो बहुधा गायरोस्कोपवर चालतात. आपण किती वळलो, चाकं किती फिरली याचा हिशेब ठेवत ते रेघा मारतात. पायपुसण्यावर चाक घसरलं की हिशेब चुकतो आणि मग एक कोपरा दोनदा झाडला जातो, दुसरा राहूनच जातो. त्यावरच्या किमतीत लायडार येतो, म्हणजे तोच फिरता लेझर. तो अंधारातही चालतो, नकाशा लक्षात ठेवतो, ‘फक्त स्वयंपाकघर’ अशी आज्ञा पाळतो, बॅटरी संपली तर डॉकवर जाऊन चार्ज होतो आणि राहिलेल्या जागेपासून पुढे सुरू करतो.

या मुद्द्यावर फारसा वाद उरलेला नाही. परवडत असेल तर लायडार घ्यावा, यावर बहुतेक जाणकारांचं एकमत आहे. मला त्यात एकच पुस्ती जोडावीशी वाटते. एका खोलीच्या, स्वयंपाकघराच्या छोट्या घरात गायरोवाला रोबोही काम भागवतो. चुकून चुकून तो चुकणार किती! उलट लायडारच्या डोक्यावरच्या बुरुजामुळे उंची साडेनऊ-दहा सेंटीमीटरवर जाते आणि बुटक्या दिवाणाखाली, जिथे खरी धूळ साचते, तिथे तो शिरतच नाही. काच आणि आरसा हेही लेझरचे जुने वैरी. जमिनीपर्यंत आरसा असलेल्या कपाटासमोर तो आला, की आरशातली खोली नकाशात खरी म्हणून उमटते.

पास्कलचा बाजार

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो तो ओढशक्तीचा आकडा. काही वर्षांपूर्वी २,००० ते २,५०० पास्कल हा चांगला आकडा समजला जाई. आता स्वस्त यंत्रांवरही ५,००० आणि त्यावरचे आकडे सहज दिसतात. हा आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो सांगतो फार थोडं. पास्कल हे दाबातल्या फरकाचं माप आहे, आणि तो फरक सगळ्यात जास्त मिळतो हवेची वाट बंद केल्यावर. जमिनीवरून केर उचलायला दाबाइतकाच महत्त्वाचा असतो हवेचा प्रवाह. ब्रश जमिनीला किती टेकतो, तोंडाची रचना कशी, फिल्टर किती तुंबलाय, हे सगळं त्या आकड्याच्या बाहेर राहतं. शिवाय तो आकडा सर्वांत जोरकस मोडमधला असतो. त्या मोडमध्ये बॅटरी लवकर संपते आणि आवाजाने घरातले लोक वैतागतात.

मोजमापाची रीतसर पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने २०१४ मध्ये घरगुती सफाई रोबोंसाठी आयईसी ६२९२९ हे मानक काढलं. त्याची जागा पुढे ६२८८५-७ ने घेतली. ठरावीक धूळ पसरून किती उचलली जाते हे त्यात मोजतात, आणि फर्निचर मांडलेल्या खोलीत यंत्र किती जमीन व्यापतं तेही पाहतात. अडचण दोन पातळ्यांवर आहे. स्वस्त रोबोच्या खोक्यावर या चाचणीचा निकाल क्वचितच छापलेला असतो. दुसरं म्हणजे हे मानक कोरड्या सफाईचं आहे. आपल्याकडे विकला जाणारा जवळपास प्रत्येक रोबो ‘टू-इन-वन’ म्हणून, म्हणजे फरशीही पुसणारा म्हणून विकला जातो. ज्या कामासाठी तो घेतला जातो त्याचंच माप ग्राहकाच्या हाती नाही.

आपली जमीन

मूल्यमापनातला सगळ्यात भरीव आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. रोबो जिथे घडला तिथली घरं गालिच्याची किंवा लाकडी जमिनीची. आपल्या घरात त्याची गाठ पडते उंबरठ्याशी.

बहुतेक परवडणारे रोबो सुमारे दोन सेंटीमीटरचा चढ चढतात. नव्या फ्लॅटमधल्या सपाट दारांना तेवढं पुरतं. पण जुन्या वाड्यातला, चाळीतला किंवा कोकणातल्या घराचा उंबरठा याच्या दुप्पट-तिप्पट असतो. तिथे घराची बेटं होतात आणि रोबोला उचलून एका बेटावरून दुसऱ्यावर ठेवावं लागतं. मग ‘आपला आपण फिरतो’ याला काय अर्थ उरला? मोरीकडे उतरणारी पायरी, व्हरांड्याची कड इथे तो पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली अवरक्त किरणांचे सेन्सर असतात. किरण जमिनीवर आपटून परत आले तर जमीन आहे, नाही आले तर खड्डा. आता काळा कडाप्पा किंवा काळं ग्रॅनाइट किरण शोषून घेतं. रोबोला वाटतं पुढे दरी आहे. दोन खोल्यांच्या मधे कडाप्प्याची काळी पट्टी असलेल्या घरात हा प्रकार पाहण्यासारखा असतो: यंत्र पट्टीपाशी येतं, थबकतं, मागे सरतं, पुन्हा येतं. काही जण सेन्सरवर पांढरी टेप चिकटवतात. पट्टी ओलांडली जाते खरी, पण मग पायरीवरूनही तो बिनदिक्कत खाली जातो.

शहाबादी फरशीच्या सांध्यांत बसलेला केर स्वस्त रोबोला पूर्ण निघत नाही. मोझेक आणि व्हिट्रिफाइड टाइल्स त्याला मानवतात. दारातली आणि देवापुढची रांगोळी ही वेगळीच भानगड. बाजूचा फिरता ब्रश ती आधी फर्रकन उडवतो आणि मग मागचं तोंड जमेल तेवढी गोळा करतं. दगडाची ती बारीक भुकटी फिल्टरमध्ये बसली की ओढच मंदावते. ॲपमध्ये देवघराभोवती ‘इथे येऊ नये’ अशी चौकट आखता येते, अर्थात रोबो नकाशा करणारा असेल तर. सांडलेलं पाणी, भाजीचा ओला देठ, पातळ आमटी हे त्याने ओढायचंच नसतं. आपल्या स्वयंपाकघरात नेमकं तेच जमिनीवर असतं.

तरीही कोरड्या केराच्या बाबतीत निकाल रोबोच्या बाजूने झुकतो. रस्त्यालगतच्या घरात रोज येणारी बारीक धूळ, केस, पंख्याच्या वाऱ्याने कोपऱ्यात जमणारे कापसाचे पुंजके हे तो रोज काढतो, कंटाळत नाही आणि पलंगाखाली जातो. झाडू मारताना धूळ हवेत उडते, ती इथे डब्यात जाते. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्या घरात हा फरक लहान नाही, फक्त डबा रिकामा करताना ती धूळ तोंडावर येणार नाही एवढं सांभाळावं.

फरशी पुसण्याचं मात्र तसं नाही. स्वस्त रोबो एक ओलं फडकं स्वतःच्या वजनाने ओढत नेतो. ते फडकं पहिल्या खोलीत मळतं आणि तिसऱ्या खोलीपर्यंत तसंच जातं. बादलीत पिळून, पाणी बदलून फरशी पुसणारं माणूस एका जागी जोर देऊन हळदीचा डाग काढतं. तो जोर इथे नाही. फडकी गोल फिरवणारे किंवा थरथरवणारे, डॉकवर जाऊन स्वतः धुऊन घेणारे रोबो आहेत, पण ते या किमतीच्या पलीकडचे. फिनेल टाकीत घालू नका असं बहुतेक कंपन्या बजावतात, आणि बोअरच्या जड पाण्याने बारीक नळ्या तुंबतात. रोबोच्या पुसण्याला ‘पुसणं’ म्हणण्यापेक्षा ओलसर फडकं फिरवणं म्हणणं जास्त प्रामाणिक. दोन दिवसांतून एकदा माणसाने नीट पुसलं तर मधल्या दिवसांचं काम त्यावर भागतं.

कष्ट कुणाचे वाचतात?

रोबो उलटा करून पाहिला की यंत्राची दुसरी बाजू दिसते. मधल्या ब्रशच्या दोन्ही टोकांना लांब केस घट्ट गुंडाळलेले असतात. ते कात्रीने कापून, चिमट्याने ओढून काढावे लागतात. पुढचं छोटं चाक उपसलं की त्याच्या आसाभोवतीही केसांचं वेटोळं निघतं. फिल्टर झटकायचा, सेन्सर कोरड्या कापडाने पुसायचे, फडकं धुवायचं. त्याशिवाय रोबो सुरू करण्याआधी जमिनीवरून चार्जरच्या वायरी, खेळणी, सतरंजीचे गोंडे, वाळत घातलेल्या कपड्यांची टोकं उचलायची. हे काम कोण करतं?

घरगुती यंत्रांवरचा हा प्रश्न जुना आहे. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कॉवन यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ (१९८३) या पुस्तकात दाखवून दिलं, की यंत्रं आली तसे स्वच्छतेचे निकष चढले, घरातल्या इतरांचा हात सुटला आणि गृहिणीचे तास फारसे कमी झालेच नाहीत. रोबोच्या बाबतीत मात्र चित्र तितकं सरळ नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जोडी फोर्लिझी आणि कार्ल डिसाल्वो यांनी २००६ मध्ये रूम्बा वापरणाऱ्या घरांचा अभ्यास केला, तेव्हा पुरुष आणि मुलंही सफाईत भाग घेऊ लागल्याचं त्यांना दिसलं. यंत्राचं कौतुक होतं, म्हणून असेल. उलट, स्वित्झर्लंडमध्ये नऊ घरांत सहा महिने केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मोजक्याच घरांत रोबो रुळला. नवलाई ओसरल्यावर तो टिकतो का, हे घराच्या रचनेवर आणि माणसांच्या सवयींवर ठरलं.

आपल्याकडे या प्रश्नाला एक जादा पदर आहे. बहुतेक मध्यमवर्गीय घरांत कष्ट वाचतात ते कामाला येणाऱ्या मावशींचे, आणि त्याबरोबर त्यांचा पगारही. केर-फरशी, भांडी, कपडे असं प्रत्येक काम वेगळं ठरतं, त्याचे पैसे वेगळे. रोबो भांडी घासत नाही. म्हणजे मावशी यायच्या त्या येतातच, एका कामाचे पैसे मात्र कापले जाण्याची शक्यता उभी राहते. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींचा संप झाला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. पण एखादं काम घरमालकाने एकतर्फी काढून घेतलं तर काय, हा प्रश्न अजून मालकीण आणि मावशी यांच्या आपसातल्या बोलण्यावरच सोडलेला आहे. दुसरी बाजूही खरी आहे. गुडघे धरलेल्या बाईला वाकून झाडण्यातून सुटका मिळाली आणि पगार तोच राहिला, अशी घरंही असतात. रोबो स्वतः यातलं काहीच ठरवत नाही.

निव्वळ पैशांचा हिशेब सोपा आहे. वीस हजारांचा रोबो चार वर्षं टिकला तर महिन्याला चारशे रुपयांच्या थोडं वर पडतो. फिल्टर, ब्रश, फडकी आणि मधेच एखादी बॅटरी धरली तर आणखी थोडं. विजेचा खर्च धरायची गरज नाही इतका किरकोळ. पण या हिशेबात ‘चार वर्षं’ हा गृहीत धरलेला आकडा आहे.

घराचा नकाशा कुणाकडे?

नकाशा करणारा रोबो म्हणजे घराचं मोजमाप ठेवणारं यंत्र. २०१७ मध्ये कॉलिन अँगल यांनी हे नकाशे, ग्राहकाच्या संमतीने, इतर कंपन्यांना देता येतील असं रॉयटर्सला सांगितलं आणि गदारोळ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने उघड केलं, की विकसनासाठी वापरलेल्या काही कॅमेरावाल्या रूम्बांनी घरांत टिपलेली खासगी छायाचित्रं, त्यात शौचालयात बसलेल्या एका बाईचंही, इंटरनेटवर फुटली होती. ही विक्रीतली यंत्रं नव्हती आणि घरातल्यांनी चित्रीकरणाला संमती दिली होती, असा कंपनीचा खुलासा होता. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्सच्या काही रोबोंचा ताबा हॅकरांनी घेतला आणि ते घरात शिव्या देत फिरले.

यावर दोन भूमिका आहेत. एक म्हणते, फोनने याहून कितीतरी जास्त आधीच सांगून टाकलंय. दुसरी म्हणते, फोन आपण खिशात ठेवतो, हा घरभर फिरतो. स्वस्त किमतीत एक गोष्ट योगायोगाने ग्राहकाच्या बाजूची आहे: लायडारवाल्या साध्या रोबोला बहुधा कॅमेरा नसतो. त्याला भिंती दिसतात, माणसं नाहीत. वस्तू ओळखणारा कॅमेरा हवा असेल तर जास्त पैसे मोजावे लागतात आणि धोकाही तेवढा वाढतो. पाळीव कुत्रं असलेल्या घरात तो कॅमेरा अनावश्यक म्हणता येणार नाही. जमिनीवरची विष्ठा न ओळखणारा रोबो ती घरभर फासतो, आणि हा विनोद नाही.

किती वर्षं?

सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. ॲमेझॉनने २०२२ मध्ये आयरोबोट विकत घ्यायचं जाहीर केलं. युरोपीय नियामकांच्या आक्षेपानंतर जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार मोडला. डिसेंबर २०२५ मध्ये आयरोबोटने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचे रोबो बनवून देणाऱ्या चिनी पिसिया कंपनीच्या हाती ती जाण्याची वाट मोकळी झाली. लेझरची वाट दाखवणारी नीटो तर तिच्या जर्मन मालकाने २०२३ मध्येच बंद केली. निदान पाच वर्षं ऑनलाइन सेवा चालू ठेवू, असं तेव्हा सांगितलं होतं. ती मुदतीआधीच गुंडाळली गेली. सेवा बंद झाली की ॲप, नकाशा, वेळापत्रक जातं आणि उरतं बटण दाबून चालणारं यंत्र.

एवढ्या मोठ्या नावांची ही गत, तर ऑनलाइन बाजारात हंगामापुरत्या उगवणाऱ्या ब्रँडचं काय सांगावं? लिथियम-आयन बॅटरी काही वर्षांत मंदावतेच आणि ती बदलणं अवघड नसतं, अट एवढीच की मिळाली पाहिजे. तालुक्याच्या गावात सेवाकेंद्र नसतं. रोबो खोक्यात भरून कुरिअरने पाठवावा लागतो आणि आठवडे वाट पाहावी लागते. म्हणून ओढशक्तीच्या आकड्याआधी पाहावं ते हे, की त्याच मॉडेलचा साइड ब्रश, फिल्टर आणि बॅटरी आज सुटी विकत मिळते का, आणि वायफाय नसताना यंत्र बटणावर चालतं का. दुकानदाराला पुढच्या चार वर्षांबद्दल विचारलं तर तो वॉरंटी कार्ड पुढे करतो. त्यावर बहुधा एकच वर्ष लिहिलेलं असतं, आणि ब्रश-फिल्टर त्यातून वगळल्याची ओळ खाली बारीक अक्षरांत असते.